आजीचं जेवण आणि आतड्यातले भाडेकरू

मंडळी, मघाशी पहिल्या रांगेतल्या एका आजींनी मला धरलं. "डाक्टरसाहेब, दात गेले, भाकर चावल्या जात नाही. सकाळी चहा-टोस, रात्री पेज. तरी पोट साफ होत नाही, काहून बा?" उत्तर त्यांच्या प्रश्नातच आहे, पण सांगायला थोडा वेळ लागेल.

आपल्या मोठ्या आतड्यात जिवाणूंची वस्ती असते. २०१६ साली शास्त्रज्ञांनी अंदाज मांडला, की माणसाच्या अंगात पेशी सुमारे ३० लाख कोटी आणि जिवाणू सुमारे ३८ लाख कोटी. ज्वारीचा कोंडा, डाळीचं साल, भाजीचे धागे, म्हणजे जे आपल्याला पचत नाही, ते त्यांचं अन्न. ते आंबवून जिवाणू ब्युटिरेटसारखी आम्लं बनवतात, आणि आतड्याच्या अस्तराच्या पेशींचं बरंचसं पोट त्यावरच भरतं. आजी जेवतात, मग भाडेकरू जेवतात आणि भाडेकरूंच्या हातचं आतडं जेवतं. चहा-टोस आणि पेज मात्र वरच्या वरच जिरून जातात, खाली फारसं काही पोचतच नाही.

आयर्लंडमधल्या १७८ वृद्धांचा अभ्यास २०१२ साली 'नेचर' या विज्ञानाच्या मासिकात आला. म्हाताऱ्यांची काळजी घेणाऱ्या संस्थेत कायमचं राहणाऱ्यांचं जेवण एकसुरी होतं, त्यांच्या आतड्यातल्या जिवाणूंचे प्रकारही कमी होते, आणि तीच माणसं जास्त खंगलेली होती. पण जिवाणू गेले म्हणून माणूस खंगला, असं त्यावरून म्हणता येत नाही. माणूस खंगला, जेवण सुटलं, मग जिवाणू गेले, असंही असेल. मला तर दोन्ही खरं वाटतं. पुढे युरोपातल्या पाच देशांत ६१२ वृद्धांवर प्रयोग झाला. काहींना वर्षभर भाज्या, डाळी, फळं, मासे, ऑलिव्ह तेल असा आहार दिला. ज्यांनी तो नेटानं पाळला, त्यांच्यात कमी खंगण्याशी जोडलेले जिवाणू वाढलेले दिसले. ऑलिव्हचं नाव ऐकून कोणी अमरावतीच्या बाजाराला निघू नका. आपल्याकडे तूर आहे, जवस आहे, अंबाडी आहे.

आता एक माझीच चूक सांगतो. एका आजींना घरच्यांनी आणलं, 'पातळ संडास थांबत नाही' म्हणून. मी थांबवायची गोळी दिली. चौथ्या दिवशी त्या पोट फुगून परत आल्या. तपासलं तर खाली कडक मळाचा गोळा अडकलेला, आणि त्याच्या बाजूनं पाणी झिरपत होतं. ती हगवण नव्हतीच, बद्धकोष्ठ होतं. तेव्हापासून थकलेल्या माणसाची पातळ संडास मी तपासल्याशिवाय थांबवत नाही. तुम्हीही मेडिकलमधून परस्पर गोळी आणू नका.

म्हणूनच उद्यापासून आजीला एकदम वाटीभर कोंडा चारू नका. पाणी कमी आणि कोंडा जास्त झाला तर तोच गोळा होतो. भाकर ताकात नाहीतर वरणात कुस्करून द्या. ज्वारीच्या कण्या शिजवा, पालक डाळीत घोटा, जवसाची चटणी अगदी बारीक कुटा. हे हळूहळू वाढवायचं. ताकातले जिवाणू पोटात कायमचे मुक्काम करत नाहीत, बहुतेक पाहुण्यासारखे येऊन जातात, म्हणून ताक रोजचं ठेवा. मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. वर्षानुवर्षं उपाशीपोटी 'गॅसची गोळी' चालू असेल, तर ती अजून लागते का, तेही विचारा. पोटातलं आम्ल जंतू मारतं, ते सारखं दाबून ठेवणं फुकटचं नसतं. आणि संडासात रक्त दिसलं किंवा वजन आपोआप उतरलं, तर चूर्णात दिवस घालवू नका.

राहिलं पाणी. आपल्याकडचा मे महिना तुम्हाला सांगायला नको. म्हातारपणी तहानही कमी लागते. पण मी घरोघरी विचारलं, तेव्हा वेगळंच कारण निघालं. संडास अंगणाच्या टोकाला, रात्री अंधार, पडायची भीती, म्हणून आजी दिवस मावळला की पाणीच पीत नाहीत. सुनेला उठवायचा संकोच, तो वेगळाच. तिथे माझं कोणतंच औषध चालत नाही. त्या वाटेवर एक बल्ब लावा, आणि संडासाच्या भिंतीला धरायला एक पाइप ठोका.

हं, मागच्या आबाजींनी हात वर केलाय. विचारा, आबाजी.