पाणी वैतरणेचं, मुख मिठीचं

(दृश्य : विहार तलाव, भर पावसाळा)

विहार भरून वाहू लागला की बातमी येते आणि मुंबईकर निश्चिंत होतो. बांधावरून ओसंडणारं हे पाणी जातं मिठी नदीत. खरं तर ते तिचंच. १८६० च्या सुमारास तिच्या उगमाशी बांध घालून हा तलाव झाला आणि मुंबईला नळाचं पाणी मिळालं. तेव्हापासून मिठीला तिचं पाणी मिळतं ते तलावाचं पोट भरल्यावरच.

(दृश्य : माहीमची खाडी, ओहोटी, मार्च)

पाऊस सरून महिने झालेत, तरी मिठी वाहतेच आहे. हे पाणी नाल्यांचं. भातसा, तानसा, वैतरणा या नद्यांवरच्या धरणांतून ते मोठमोठ्या जलवाहिन्यांनी शहरात आलं, मोरी-संडासातून वाहिलं आणि इथे पोचलं. वैतरणेने अर्नाळ्याजवळ समुद्राला द्यायचं पाणी असं माहीमला येऊन मिळतं, तेही नासून.

जवळून पाहा. चिखल काळा कुळकुळीत. तिवरांची श्वासमुळं बोटबोटभर वर आलेली, प्रत्येकीला प्लॅस्टिकच्या चिंध्या. सांडपाण्यातली घाण कुजताना पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकते. मासा तिथे तगणार कसा?

खाडी जगते ती गोड्या-खाऱ्याच्या मेळावर. नदीचं हलकं पाणी वरून येतं, भरतीचं जड खारं पाणी तळाने आत शिरतं. त्या मचूळ पट्ट्यात कोलंबीची पिल्लं वाढतात. जिताडा अंडी घालतो खाऱ्या पाण्यात, पण त्याची पिल्लं खाडीत, पुढे गोड्या पाण्यापर्यंत चढतात. धरणाने वरचं पाणी अडवलं की खारं पाणी आत सरकतं. गाळही धरणातच बसतो. कोळीवाड्यातल्या माणसाला हे जाळं ओढतानाच कळतं.

मुंबईची तहान खोटी नाही. एकटं भातसा शहराचं निम्म्याच्या आसपास पाणी पुरवतं. २०१४ मध्ये मध्य वैतरणा धरण झालं, आता वैतरणेचीच उपनदी असलेल्या गारगाईवर धरणाची योजना आहे. अशा योजनेत शहराला रोज किती दशलक्ष लिटर मिळणार, हा आकडा ठळक छापतात. अर्नाळ्याच्या खाडीत मे महिन्यात नदीचं पाणी किती उतरेल, तो आकडाही त्याच पानावर, तेवढ्याच ठळक अक्षरांत हवा. आणि मिठीसाठी विहारमधून उन्हाळ्यातही थोडं पाणी सोडता येईल का, हे शहराने आता तरी विचारावं.