मिटल्या डोळ्यांचं घुबड

(सोलापुरात हौशी छायाचित्रकारांपुढे केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पडद्यावरचा पहिला फोटो नीट बघा. मागच्या रांगेतून आत्ताच कुणीतरी विचारलं, "घुबड कुठाय?" चिंचेचं खोड, उजवीकडे बेचका, आणि बेचक्यात साल जरा फुगल्यासारखी दिसते ना, ते घुबड. डोळे मिटलेले. हा फोटो मी दोन स्पर्धांना पाठवला, दोन्हीकडून हात हलवत परत आला. एक परीक्षक म्हणाले, "डोळे उघडे हवे होते हो." आज माझं त्यांच्याशी भांडण आहे.

आधी ओळख करून देतो. इंग्रजीत मॉटल्ड वूड आउल, आपण वनघुबड म्हणू. नावात वन असलं तरी त्याला दाट जंगल लागत नाही. जुनी आमराई, गावकडेची चिंच, विहिरीवरचा वड एवढं त्याला पुरतं. आपला जिल्हा माळाचा, आपल्याला नान्नजचं अभयारण्य म्हटलं की माळढोक पक्षी आठवतो. पण माळाच्या मधेमधे झाडांचे जे पुंजके आहेत ना, तेच याचं वन. अंगाने कावळ्यापेक्षा थोराड. गव्हाणी घुबडाचा पत्त्यातल्या बदामासारखा चेहरा याला नाही, शृंगी घुबडाची शिंगंही नाहीत. गोल गरगरीत डोकं, चेहऱ्यावर पाण्यात खडा टाकल्यावर उमटावीत तशी वर्तुळं, गळ्याखाली पांढरा पट्टा. पिंगळ्याचे डोळे पिवळेजर्द, याचे काळेभोर, आणि पापण्यांची कड केशरी.

माझी ही घुबडांची जोडी शहराबाहेर एका शेतात राहते. गाव सांगणार नाही, चहाच्या वेळी विचारलंत तरी. शेताच्या मालकीणबाईंना मी मावशी म्हणतो. पहिल्यांदा त्यांनीच मला सांगितलं, "सर, दिवस मावळला की चिंचंवर बाई रडतीया बघा." तो आवाज ऐकलात तर मावशींना हसणार नाही तुम्ही. कापऱ्या गळ्याने निघालेली, चढत जाऊन विरणारी 'चुऽहुआऽ' अशी साद. अंधारात एकटं असताना माझ्याही अंगावर काटा येतो.

दिवसा हे घुबड डोळ्यांनी शोधू नका, कानांनी शोधा. खार एका जागी शेपटी झटकत चिरचिरत असेल, बुलबुल आणि कोतवाल एकाच फांदीभोवती कालवा करत असतील, तर तिथे बघा. आणि मग खाली बघा. खोडावर विष्ठेचे चुन्यासारखे ओघळ, बुंध्याशी राखाडी, केसाळ गोळे. घुबड उंदीर बहुधा सबंध गिळतं. हाडं आणि केस पचत नाहीत, त्यांचा गोळा करून ते ओकून टाकतं. त्याला पेलेट म्हणतात. असा एक गोळा मी घरी वर्तमानपत्रावर सुईने उकलला. (बायकोने ते वर्तमानपत्र नंतर अंगणापलीकडे नेऊन जाळलं.) आतून उंदराच्या दोन कवट्या निघाल्या, नखाएवढ्या. पुढचे दात केशरी, कारण उंदराच्या दातांच्या वरच्या थरात लोह असतं. शिवाय भुंग्याच्या पंखाचं चकचकीत टरफल आणि सरड्याचा जबडा. घुबडाचं जेवणाचं ताटच म्हणा. कॅमेऱ्याने हे कळलं नसतं.

आता भांडणाकडे येतो. घुबडाला डोळे फिरवता येत नाहीत, ते खोबणीत घट्ट बसलेले असतात, म्हणून मान फिरते. जवळजवळ तीन चतुर्थांश वर्तुळ. दिवसा स्वस्थ बसलेलं घुबड डोळे मिटतं तेव्हा खालची पापणी वर येते. नुसती उघडझाप करताना वरची खाली येते. म्हणजे पापणी बघून ते झोपलंय की तुमच्यावर नजर ठेवून आहे, हे ओळखता येतं. आणि अंग चोरून, काठीसारखं उभं ताणून, टक लावून लेन्सकडे बघणारं घुबड म्हणजे स्पर्धेत टाळ्या घेणारा फोटो. ते घाबरलेलं असतं. टाळ्या त्या भीतीला पडतात.

एप्रिलमधला एक फोटो दाखवतो. चोच किंचित उघडी, गळा थरथरतोय. एकाने याला 'संतप्त' असं शीर्षक सुचवलं. अहो, आपल्या सोलापूरचं ऊन आहे! पक्ष्याला घाम येत नाही, गळा फडफडवून ते अंग गार करतंय.

मीही पापी आहे. पहिल्या वर्षी मोबाइलवर याचीच साद वाजवली. नर तीरासारखा आला, समोरच्या फांदीवर बसला. फोटो झकास आला. पण पुढचा तासभर तो नसलेला शत्रू शोधत या झाडावरून त्या झाडावर फिरत राहिला. ढोलीत मादी अंड्यांवर होती आणि तिला भरवायचं याच्याकडे होतं. तो फोटो आज आणलेला नाही.

तंत्र थोडक्यात. ट्रायपॉड, लांब लेन्स, रिमोट. फ्लॅश नाही, टॉर्च नाही. झाडाखाली उभं राहू नका, लांब एका जागी रोज बसा. कायदाही आहे, १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा. दिवाळीच्या सुमारास घुबडांचा चोरटा व्यापार वाढतो, म्हणून फोटोबरोबर जागा टाकू नका.

मावशींचं मात्र सांगायलाच हवं. चिंचा झोडपायचे दिवस आणि विणीचे दिवस एकच. गेल्या वर्षी त्यांनी ढोलीकडची बाजू झोडपूच दिली नाही. व्यापाऱ्याने कुरकुर केली, तर म्हणाल्या, "ती बाळंतीण हाय. ऱ्हाऊ दे की."

हा शेवटचा फोटो, खरं तर फोटो नाहीच. संधिप्रकाश, शटर एक अष्टमांश सेकंद. मादीने एका बाजूचा पंख आणि पाय एकदमच खाली ताणले, अंग झटकलं आणि गेली. पिसांच्या कडा झालरीसारख्या मऊ असतात, म्हणून चिंचेचं एक पान हललं तेवढंच. चौकटीत ही राखाडी रेघ उरली. मागून मावशी म्हणाल्या, "गेली का बाई?"

दिवे लावता का जरा? प्रश्न घेऊ. गावाचं नाव सोडून.