मीटिंगला पहिल्यांदा येताना

नमस्कार श्रोतेहो. माझं नाव मी सांगणार नाही. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस म्हणजे दारू सोडण्यासाठी मीटिंगला जमून एकमेकांशी बोलणाऱ्यांचे ग्रुप. त्यांच्या परंपरेतच तसं म्हटलंय: वर्तमानपत्र, रेडिओ आणि सिनेमा, इथं सदस्यानं स्वतःचं नाव उघड करायचं नाही. तेव्हा मी सातारा जिल्ह्यातला एक मद्यपाशी, म्हणजे दारूच्या पाशात अडकलेला माणूस, एवढी ओळख पुरे. आज दारूविना जगतोय. आणि बोलायला आलोय ते ज्याला दारू सोडायचीय, पण जायचं कुठं हेच कळत नाही, त्याच्यासाठी.

बहुतेकांची पहिली शंका एकच असते. नुसतं बोलून दारू सुटते व्हय? १९३५ साली अमेरिकेतल्या ॲक्रन गावात एक शेअर दलाल कामासाठी आला होता. दारू सोडून काही महिने झालेले, आणि तिथं व्यवहार फिसकटला. हॉटेलात एकटा, समोर बार. त्याला पक्कं कळलं, की आत्ता आपल्यासारख्याच कुणाशी बोललो नाही तर आपण पिणार. फोन करत करत तो एका सर्जनपर्यंत पोचला. ते डॉक्टर स्वतः दारूत बुडालेले. त्या दोघांच्या बोलण्यातनं हे सगळं उभं राहिलं. अलीकडे, २०२० साली, वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेनं २७ अभ्यास एकत्र करून पाहिले. दारू पूर्ण बंद ठेवण्यात, माणसाला अशा ग्रुपशी नीट जोडून देणारे उपचार इतर प्रचलित उपचारांपेक्षा सरस ठरले.

मग मीटिंगमध्ये होतं तरी काय? एखाद्या शाळेचा वर्ग असतो, नाहीतर संस्थेची खोली. दाराबाहेर चपला. आत खुर्च्या मांडलेल्या, कोपऱ्यात चहाची किटली. सुरुवातीला थोडी शांतता, प्रार्थना, मग एकेकजण बोलतो. ‘मी अमुक, मद्यपाशी’ म्हणायचं आणि आपली हकिगत सांगायची. मध्ये कुणी तोंड घालत नाही. ‘असं करायला नको होतंस’ असं कुणी म्हणत नाही. ऊस बिलाचे पैसे घरी न पोचवलेला शेतकरी बोलतो, त्याच्यानंतर मास्तर बोलतो, त्याच्यानंतर ड्रायव्हर. बायका कमी येतात, पण येतात, आणि त्यांना यायला किती हिंमत लागते हे आम्हाला ठाऊक आहे. नव्या माणसानं बोललंच पाहिजे असं नाही. गप्प बसून ऐकलं तरी चालतं. शेवटी खर्चासाठी पिशवी फिरते. त्यात दहा रुपये टाका नाहीतर काहीच टाकू नका. फी नाही, फॉर्म नाही. दारू सोडायची इच्छा, एवढी एकच अट.

‘गावात कळलं तर?’ ही भीती खरी आहे, मी ती हसण्यावारी नेणार नाही. आपल्याकडं स्टँडवर उतरलं की चार ओळखीचे भेटतात. तसं वाटत असेल तर कोरेगावच्या माणसानं साताऱ्याला यावं, कराडच्यानं सांगलीला जावं. खोलीत ऐकलेलं बाहेर बोलायचं नाही, हा आमचा कडक नेम आहे. शिवाय तिथं जो तुम्हाला ओळखेल, तोही त्याच कारणानं तिथं बसलेला असतो.

ग्रुप शोधायचा कसा? सरकारची व्यसनमुक्तीची हेल्पलाइन आहे, १४४४६. फोन फुकट लागतो. जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात मानसोपचार विभागात विचारा. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी सुरू केलेली ‘परिवर्तन’ ही व्यसनमुक्तीचं काम करणारी संस्था आहे, तिथं चौकशी करा. ग्रुपचा नंबर मिळाला की तीन गोष्टी विचारा: वार कोणता, वेळ काय, आणि मीटिंग ओपन आहे का. ओपन मीटिंगला घरच्यांनाही बसता येतं. पत्ता सापडत नसेल तर तसं सांगा. बहुतेक वेळा कुणीतरी न्यायला येतं. ते तुमच्यावर उपकार म्हणून येत नाहीत. दुसऱ्याला आणण्यातच त्यांची स्वतःची दारू लांब राहते.

नव्या माणसानं ९० दिवसांत ९० मीटिंगा कराव्यात, असं मोठ्या शहरांत सांगतात. आपल्या जिल्ह्यात रोज मीटिंग मिळणं अवघड. मधल्या दिवशी ग्रुपमधल्या कुणालातरी फोन करायचा, फोनवरच्या ऑनलाइन मीटिंगला बसायचं. गावच्या जत्रेच्या आणि गटारीच्या दिवशी तर नक्कीच.

आता एक गोष्ट नीट ऐका. रोज भरपूर पिणाऱ्यानं ईर्षेला पडून एकदम घरी दारू तोडू नये. पहिल्या दोन-चार दिवसांत फिट येऊ शकते, भास होतात, जिवावरही बेतू शकतं. आधी डॉक्टर गाठा. औषधं आणि मीटिंग दोन्ही बरोबर चालतात.

आणि वहिनींना, आयांना सांगायचंय. त्याला न सांगता चहातनं, भाजीतनं दारू सुटायची गोळी किंवा पावडर देऊ नका. त्यातली काही औषधं अशी असतात की वर दारू पोटात गेली तर माणूस दगावू शकतो. तो यायला तयार नसेल, तरी तुम्ही या. घरच्यांसाठी अल-ॲनॉन नावाचे वेगळे ग्रुप असतात, १९५१ पासून. ‘साहेब, यांना ताप आलाय’ असा खोटा फोन किती वर्षं करत राहायचा, हे तिथं मोकळेपणानं बोलता येतं.

मीटिंगला येऊन पुन्हा प्यायलेला माणूस असेल, ऐकत असेल, तर त्यालाही सांगतो. तुला कुणी जाब विचारणार नाही. वार तोच आहे, वेळ तीच आहे. कुणीतरी सरकून जागा करील, तू ये.