पार्टीतली ती उंच बाई

हे दृश्य नीट बघा. 1950 सालचा ‘ऑल अबाउट ईव्ह’ हा चित्रपट. पुरस्काराचा कार्यक्रम आटोपलाय, त्यातल्या नटी ईव्हभोवती अभिनंदन करणाऱ्यांचा गराडा पडलाय. एक उंच, रुबाबदार बाई पुढे होते, एखादं वाक्य बोलते आणि बाजूला सरकते. नामावलीत तिचं नाव शोधायला जाऊ नका.

ही बेस फ्लॉवर्स, हॉलिवूडमधली एक्स्ट्रा, म्हणजे पडद्यावरच्या गर्दीत उभी राहणारी नटी. हिचकॉकच्या ‘रिअर विंडो’त समोरच्या संगीतकाराच्या घरी पार्टी रंगते, तिथल्या पाहुण्यांत ही आहेच. ‘व्हर्टिगो’तल्या उंची रेस्टॉरंटात जेवायला बसलेली हीच. एकदा हिचा चेहरा डोक्यात बसला की संपलं. मग हिरो काय बोलतोय याकडे लक्ष राहत नाही!

बेसचा जन्म 1898 चा, टेक्सासमधल्या शर्मन गावचा. 1923 मध्ये ती हॉलिवूडच्या मूकपटांत दिसू लागली. 1928 च्या एका लॉरेल-हार्डीपटात तर ती चक्क लॉरेलची बायको होती. पण अशी कामं थोडीच. बाकी सगळा जन्म गर्दीत उभं राहण्यात गेला.

हॉलिवूडमध्ये गर्दीतही प्रतवारी असायची. साधे एक्स्ट्रा म्हणजे रस्त्यावरची माणसं, बाजारातली झुंबड. त्यांच्या वरची पायरी ‘ड्रेस एक्स्ट्रां’ची. पार्टी, नाचाचा हॉल, नाटकाचा पहिला प्रयोग अशा दृश्यांत झळकणारी ही मंडळी. त्यांना दिवसाची मजुरी जास्त मिळायची, पण गाऊन, हातमोजे, फरचा कोट हे सगळं स्वतःचं हवं. बेसचं कपाट हेच तिचं भांडवल होतं. स्टुडिओला श्रीमंत बाई हवी असली की बेस तयार होऊनच यायची.

आणि काम म्हणाल, तर दिसतं तेवढं सोपं नाही. पुढे हिरो-हिरॉईनचे संवाद चालू असताना मागच्यांनी गप्पा मारायच्या, पण आवाज न काढता. नुसते ओठ हलवायचे, हसायचं तेही मुक्यानं. टेक पुन्हा झाला तर त्याच शब्दाला मान वळवायची, ग्लास त्याच हातात. प्रेक्षकाची नजर आपल्याकडे वळली, तर उद्या कोण बोलावणार? आमच्या मते हा अभिनयच, फक्त त्याला कुणी टाळ्या वाजवत नाही.

तिला लोक ‘एक्स्ट्रांची राणी’ म्हणायचे. कौतुक खरं, पण राणीलाही रोजंदारीच. 1925 मध्ये स्टुडिओंना एक्स्ट्रा पुरवणारी ‘सेंट्रल कास्टिंग’ ही संस्था सुरू झाल्यावर एक्स्ट्रांची नेमणूक तिथूनच व्हायची, आणि फोन केल्यावर बहुतेकांना ‘आज काम नाही’ एवढंच ऐकू यायचं. बेसला मात्र कामं मिळत राहिली. पूर्ण लांबीचेच 350 हून जास्त चित्रपट, शिवाय लघुपट आणि टीव्ही वेगळे. त्यांतले पाच चित्रपट सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालेले, ‘इट हॅपन्ड वन नाइट’पासून ‘अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज’पर्यंत.

एक मात्र तिनं पडद्यामागे, आवाज काढून केलं. 1945 मध्ये एक्स्ट्रांनी स्वतःची संघटना उभारली, स्क्रीन एक्स्ट्राज गिल्ड. संस्थापकांत बेस होती, पुढे तिनं उपाध्यक्षपदही सांभाळलं. तिथल्या कागदपत्रांवर तिचं नाव पूर्ण लिहिलेलं असायचं.