ढाक्यातला बंद अन् आपला संत्रा

नमस्कार मंडळी, राम राम. आज कॉरिडॉरबद्दल बोलायचं हाय. एका देशातून दुसऱ्या देशात माल नेणारा रस्ता, रेल्वे, बंदर अन् त्याच्या मागचे करार, हे सगळं मिळून कॉरिडॉर. टीव्हीवर नकाशात लाल रेघ दाखवतात अन् वाटते, रेघ ओढली म्हणजे माल पोचला. तसं नसते. रेघ सीमा ओलांडते तिथं तिची किल्ली दुसऱ्याच्या हातात जाते. पुन्हा सांगतो, किल्ली दुसऱ्याच्या हातात जाते.

2023 च्या दिवाळीतली गोष्ट सांगतो. संत्र्याच्या आंबिया बहाराचा तोडा चालू होता. माझे मामा वरुडकडचे, त्यांनी अन् शेजारच्यांनी मिळून एक ट्रक संत्रा पेट्रापोलले धाडला. पेट्रापोल म्हणजे पश्चिम बंगालात, बनगावच्या पुढं, सीमेचं गेट ओलांडलं की बांगलादेशचं बेनापोल. आपला बारीक संत्रा, जो इथं कोणी विचारत नाही, तो तिकडं आवडीनं खातात. त्या साली बांगलादेशनं आयात शुल्क किलोमागं 88 रुपयांवर नेलं होतं, म्हणजे फळापेक्षा शुल्क भारी, तरी मामा म्हणे इथं सडण्यापेक्षा बरं.

ट्रक पोचला, रस्त्यात काहीच अडचण नाही आली, अन् तिथं जाऊन उभा राहिला. बांगलादेशात जानेवारीत निवडणूक होती, विरोधातल्या बीएनपी पक्षानं ऑक्टोबरच्या शेवटापासून हरताळ अन् रस्ते बंद चालू केले होते. आता ऐका, गेट उघडंच होतं. गेट उघडं होतं, पण बेनापोलले माल उतरवला की तो ढाक्याकडं न्यायले तिकडचा ट्रक लागते, अन् गाड्या जाळून राहिले म्हणून तो ट्रकवाला काही निघाले तयार नाही. तिकडचा व्यापारी म्हणे, थांबा.

रात्री मामांच्या आंगणात फोन स्पीकरवर ठेवला, समदे भोवताल बसले. ड्रायव्हर मोर्शीकडचा पोरगा. म्हणे, "काकाजी, रात्री ताडपत्री काढतो, दिवसा टाकतो, पण खालचे कॅरेट गरम लागून राहिले." मामीनं विचारलं, आंबूस वास येते का रे? तो म्हणे, "येते काकू. देठापाशी बोट दाबलं का आत जाते, हिरवी बुरशी बोटाले लागते." मामा म्हणे निवडून फेक अन् बाकीचे वर घे. पोरगा म्हणे, "कुठं फेकू काकाजी, इथं रांगेतले समदे तेच करून राहिले." मामी उठून आत गेली.

शेवटी ट्रक कोलकात्याले वळवला, तिथं जो भाव भेटला त्यात भाडंही निघालं नाही. मामा मले म्हणे, "तू पेपर वाचतं ना, मंग सांग, ढाक्यातल्या भांडणाचे पैसे म्या काहून भरायचे?"

(राज्य सरकारनं मंग शुल्काच्या अर्धे पैसे देऊ असं जाहीर केलं, ते चांगलंच.)

तर मामांचा प्रश्न मोठमोठ्या देशांलेही पडते. चीन-पाकिस्तान कॉरिडॉर घ्या. 2015 मधी 46 अब्ज डॉलरचा म्हणून जाहीर झाला. तो पाकव्याप्त काश्मिरातल्या गिलगिट-बाल्टिस्तानमधून जाते, म्हणून भारताचा पहिल्यापासून विरोध, अन् तो बरोबरच हाय. टोकाले ग्वादर बंदर. तिथल्या कोळ्यांले प्यायले पाणी नाही, जागोजागी चेकपोस्ट, 2021 मधी ते लोक रस्त्यावर बसले. त्याच साली दासूले धरणावर कामाले चाललेल्या बसवर हल्ला झाला, 9 चिनी माणसं गेली. 2024 मधी बेशामजवळ अजून 5. अन् हे सगळं चिनी लोकांच्या राखणीले पाकिस्तानी फौजेची वेगळी डिव्हिजन आधीपासून असतानी झालं. मले वाटते, ज्याच्या दारातून रस्ता जाते त्याले काही भेटलं नाही, तर बंदुका किती लावणार?

इराणातलं चाबहार बंदर पाहा. 2024 मधी इराणसोबत 10 वर्षाचा करार केला, पाकिस्तानले वगळून अफगाणिस्तानात माल नेता यावा म्हणून. किल्ली इराणच्या हातात म्हणावं, तर इराणवरचे निर्बंध अमेरिकेचे. चाबहारले 2018 मधी दिलेली सूट अमेरिकेनं सप्टेंबर 2025 मधी काढली, मंग सहा महिन्याची मुदत दिली. अन् दिल्लीच्या जी-20 मधी सप्टेंबर 2023 ले अरब देश अन् इस्रायलमधून जाणारा भारत-मध्यपूर्व-युरोप कॉरिडॉर जाहीर झाला, महिनाभरात इस्रायलवर हमासचा हल्ला झाला, गाझाचं युद्ध पेटलं, ते काम रेंगाळलं.

मले एकच मागायचं हाय. सरकार कोणताही कॉरिडॉर जाहीर करते तेव्हा किती किलोमीटर, किती कोटी, हे सांगते. पलीकडं बंद झाला तर माल ठेवायले सीमेवर कोल्ड स्टोरेज किती, नासलेल्या मालाचा विमा कोणाचा, दुसरा रस्ता कोणता, हेही त्याच दिवशी सांगा. आंबियाचा तोडा लागायच्या आधी सांगा. आपल्या आमदार-खासदारांले तुम्हीही हे विचारा मंडळी, बांधावर आले का विचारा. पुढल्या वेळी म्यानमारातल्या कलादान रस्त्याबद्दल बोलू. नमस्कार.