महासाथीनंतरचे कोकण : वाढ झाली, ती कोणाच्या पदरात?

श्रोतेहो, महासाथीनंतरच्या आर्थिक उभारणीची चर्चा बहुधा राज्याच्या एकूण आकड्यांवर थांबते. 2020-21 च्या राज्य आर्थिक पाहणीत अर्थव्यवस्था 8 टक्क्यांनी आकसेल असा अंदाज होता, तर शेती व संलग्न क्षेत्रात 11.7 टक्के वाढ अपेक्षित धरली होती. मला आज बोलायचे आहे ते फक्त रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि दक्षिण रायगडाबद्दल. मुंबईच्या पगारावर पिढ्यानपिढ्या तगलेल्या या पट्ट्याला टाळेबंदीचा मार दुहेरी बसला, कारण शहरातून येणारा पैसा आटला आणि तो पाठवणारा चाकरमानीही गावी परतला.

टाळेबंदी 25 मार्च 2020 रोजी, म्हणजे ऐन हापूसच्या हंगामात लागू झाली. वाशीच्या बाजाराची घडी विस्कटताच अनेक बागायतदारांनी मुंबई-पुण्यातील गृहनिर्माण संस्थांना थेट पेट्या पोचवल्या आणि दर स्वतः ठरवला. या प्रयोगाचे कौतुक भरपूर झाले. तो सर्वदूर का रुजला नाही, याची चौकशी मात्र फारशी झाली नाही. माझ्या मते त्याचे मुख्य कारण उचल हे आहे. फवारणी, खत, राखण आणि मजुरी यांसाठी हंगामाआधी दलालाकडून पैसे घेतलेल्या बागायतदाराला माल त्याच्याकडेच घालावा लागतो. त्यामुळे बँकेचे खेळते भांडवल वेळेवर हाती येत नाही तोवर थेट विक्रीचे कितीही मेळावे भरवले, तरी लहान बागायतदार त्या व्यवहारात उतरू शकत नाही.

1990 साली रोजगार हमीला जोडलेल्या फळबाग योजनेने कोकणातील उजाड माळांवर आंबा-काजू उभा केला, ही मोठीच कामगिरी होय. पण लागवडीइतके लक्ष प्रक्रियेकडे गेले नाही. शेजारच्या गोव्यात काजूच्या बोंडापासून फेणी होते. आपल्याकडे बी काढून घेतली की बहुतेक बोंडू झाडाखालीच कुजतो. गावी परतलेल्या तरुणांना काम हवे होते त्याच काळात हा कच्चा माल असा वाया जात होता, याचे मला मनापासून दुःख होते.

आता निसर्गाच्या बाजूकडे येतो. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन, मुरूड आणि दापोलीकडच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या केल्या. नवी पोफळ फळाला येण्यास काही वर्षे लागतात, आणि एकदा दिलेली मदत तेवढा काळ घर चालवू शकत नाही. पुढच्या मे महिन्यात तौक्ते आले आणि 22 जुलै 2021 रोजी चिपळूण पुरात बुडाले. वाशिष्ठीतील गाळ काढण्याची मागणी चिपळूणकरांनी नेटाने लावून धरली, ती रास्तच होती. परंतु डोंगरउतारावरची झाडे तुटत राहिली, तर पावसाबरोबर माती पुन्हा नदीतच येणार.

कोकणातील जंगल मोठ्या प्रमाणात खासगी मालकीचे आहे. घरातले लग्न, आजारपण किंवा कर्ज निघाले की मालक रान ठेकेदाराला तोडायला देतो, आणि त्याला दोष देणे मला अन्यायाचे वाटते. पश्चिम घाटाच्या पर्यावरण रक्षणासाठी नेमलेल्या माधव गाडगीळ समितीच्या 2011 च्या अहवालावरचा वाद बंदीच्या भाषेत अडकला. रान राखणाऱ्या मालकाच्या हाती दरसाल काय पडेल, हा प्रश्न बाजूलाच राहिला. जिल्हा नियोजनाच्या निधीतून अशा मालकाला वार्षिक मोबदला द्यावा, आणि त्याची सुरुवात वाशिष्ठीच्या पाणलोटातील गावांपासून करावी, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.