‘अमेरिकन कोण?’ : एका मायनर विषयाची ओळख

अमेरिकेतील महाविद्यालयात विद्यार्थी पदवीसाठी एक मुख्य विषय निवडतो आणि इच्छा असल्यास त्याच्या जोडीला साधारण पाच-सहा अभ्यासक्रमांचा एक दुय्यम विषय घेतो. त्यालाच ‘मायनर’ म्हणतात. नव्या शैक्षणिक धोरणानंतर हा शब्द आपल्याकडील विद्यार्थ्यांच्याही तोंडी रुळला आहे. ‘अमेरिकन स्टडीज’ हा असाच एक मायनर. इतिहास, साहित्य, कायदा, समाजशास्त्र, संगीत अशा वेगवेगळ्या विभागांतले अभ्यासक्रम त्यात एकत्र येतात. ज्या देशात राहायचे त्याच देशाचा वेगळा अभ्यास कशासाठी, अशी शंका पालक घेतात आणि ती रास्त आहे. तिचे उत्तर मी एका खटल्याच्या आधारे देणार आहे.

भगतसिंग थिंद हे पंजाबातील शीख तरुण १९१३ मध्ये अमेरिकेत गेले, ओरेगॉनमधील लाकडाच्या गिरण्यांत त्यांनी काम केले आणि १९१८ मध्ये ते अमेरिकी सैन्यात भरती झाले. परदेशी माणसाला नागरिकत्व मिळण्याचा हक्क मात्र १७९० च्या कायद्याने फक्त ‘स्वतंत्र गोऱ्या व्यक्तीं’पुरता ठेवला होता, १८७० मध्ये त्यात आफ्रिकी वंशाच्या लोकांची भर पडली. थिंद यांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले तेव्हा त्यांच्या बाजूने असे मांडण्यात आले, की ते उच्चजातीय आर्य आहेत, आर्य म्हणजे कॉकेशियन (त्या काळच्या शास्त्रज्ञांच्या वर्गवारीतला एक वंश) आणि कॉकेशियन म्हणजे गोरे. शिवाय जातीबाहेर लग्ने होत नसल्यामुळे त्यांचे रक्तही शुद्ध राहिले आहे. (वर्णभेदाच्या दारातून आत जाण्यासाठी जातिभेदाचा दाखला पुढे केला जावा, ही गोष्ट महाराष्ट्रातल्या श्रोत्यांना तरी सहज ओलांडून जाता येणार नाही.) त्याआधी तीनच महिने, नोव्हेंबर १९२२ मध्ये, ताकाओ ओझावा या जपानी अर्जदाराला याच न्यायालयाने सांगितले होते, की कातडीच्या रंगावर काही ठरत नाही, गोरा म्हणजे कॉकेशियन. फेब्रुवारी १९२३ मध्ये थिंद यांना उत्तर मिळाले ते असे, की शास्त्रज्ञ कोणाला कॉकेशियन म्हणतात याला महत्त्व नाही, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा. दोन्ही निकाल न्यायमूर्ती जॉर्ज सदरलँड यांनी लिहिले होते, आणि ते स्वतः इंग्लंडमध्ये जन्मून लहानपणी अमेरिकेत आलेले होते.

आता हे प्रकरण कोणत्या विभागात शिकवायचे? कायद्याच्या वर्गात दोन निकालांमधली विसंगती दिसेल, पण वंशाची ती शास्त्रीय वर्गवारी आली कुठून, हे मानववंशशास्त्राकडे गेल्याशिवाय कळणार नाही. नागरिक होण्यास अपात्र ठरलेल्यांना कॅलिफोर्नियात १९१३ च्या कायद्यामुळे शेतजमीन विकत घेता येत नव्हती, म्हणून निकालाची आर्थिक झळ समजण्यासाठी तिथल्या शेतीचा इतिहास वाचावा लागतो. आणि जनगणनेचे तक्ते पाहिले तर आणखी गोंधळ: १९२० ते १९४० या काळात भारतीयांची नोंद ‘हिंदू’ नावाच्या वंशात होत होती, मग तो माणूस शीख असो वा मुसलमान, १९७० मध्ये त्यांना गोऱ्यांत धरले गेले आणि १९८० मध्ये ‘एशियन इंडियन’ असा स्वतंत्र रकाना आला. माणसे तीच राहिली आणि रकाने बदलत गेले. ओळख ही जन्माने मिळते तितकीच ती सरकारी कागदावर घडवली जाते, हे या तक्त्यांइतके स्पष्ट मला दुसरीकडे कुठे दिसलेले नाही.

खुद्द या विद्याशाखेलाही हे उशिरा उमगले. हार्वर्डमध्ये १९३० च्या दशकात अमेरिकन संस्कृतीच्या इतिहासाचा पदवी-कार्यक्रम सुरू झाला, तेव्हापासून पुढे कितीतरी वर्षे अभ्यासकांचा भर एकच एक ‘अमेरिकन मन’ शोधण्यावर होता, आणि ते मन बहुधा गोऱ्या पुरुष लेखकांच्या पुस्तकांत सापडे. सॅन फ्रान्सिस्को स्टेटमध्ये १९६८ च्या नोव्हेंबरात सुरू झालेल्या विद्यार्थी संपानंतर तिथे वांशिक अभ्यासाचे स्वतंत्र महाविद्यालय निघाले आणि अशा चळवळींच्या रेट्याने वाचनयाद्याही बदलल्या.

अमेरिकेकडे असे पाहणे मराठी माणसाला नवे नाही. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना. डॉ. आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले ते अर्थशास्त्र शिकायला, पण जातिसंस्थेवरील त्यांचा प्रसिद्ध निबंध १९१६ मध्ये वाचला गेला तो मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात.

तरीही या मायनरचा एक दोष सांगितला पाहिजे. जॅझचा एक, कादंबरीचा एक, निवडणुकांचा एक असे सोयीच्या वेळेचे अभ्यासक्रम गोळा करून प्रमाणपत्र मिळवता येते आणि अनेक जण तेच करतात. ज्याला खरोखर शिकायचे आहे त्याने पहिल्याच सत्रात एक प्रश्न हाती धरावा आणि शेवटच्या निबंधासाठी एखादा लहानसा दस्तऐवज निवडावा. उदाहरणार्थ, न्यूयॉर्कजवळच्या लेव्हिटटाउन वसाहतीत १९४७ पासून हजारो घरे उभी राहिली. त्यांच्या सुरुवातीच्या भाडेकरारांत कॉकेशियन नसलेल्यांना राहण्यास मनाई करणारे कलम होते, घरकामाला ठेवलेल्या नोकरांचा अपवाद करून. हे कलम कोणी लिहिले, सरकारी हमीच्या गृहकर्जाशी त्याचा काय संबंध होता, आणि ज्यांना तिथे घर मिळाले नाही त्यांची पुढची पिढी कुठे वाढली, एवढे शोधायला एक सत्र पुरत नाही.